वऱ्हाडाचे गाणे वधूपक्षाने म्हणू नये

माझा व्यवसाय असा होता की तो करताना श्रोत्यांकडे पाठ करून उभे राहावे लागे. त्यामुळे लोकांच्या जांभया मला कधी दिसल्या नाहीत आणि टाळ्या मिळाल्या त्या पाठीवर. समूहगान बसवणे हे ते काम. चाल बांधायची, चाळीस-पन्नास माणसांना ती शिकवायची आणि कार्यक्रमाच्या दिवशी त्यांच्यासमोर उभे राहून दोन्ही हात हलवायचे. हात कशासाठी, हे आयुष्यभर लोकांना समजावून सांगावे लागले. पन्नास माणसे आपापल्या मर्जीने श्वास घेतात, आपापल्या मर्जीने सुरू होतात आणि प्रत्येकाला वाटते की शेजारचा चुकतो आहे. त्यांना शेजाऱ्याऐवजी एकाच माणसाकडे संशयाने बघता यावे, म्हणून समोर कोणीतरी लागतो. तो मी.

त्याआधी काही वर्षे मी मुंबईत एका दैनिकाच्या वृत्तविभागात उपसंपादक होतो. बातमीत ‘हृदयद्रावक’ हा शब्द आला की वृत्तसंपादक तो कापत आणि विचारत, ‘कोणाचे हृदय?’ त्या शिस्तीचा पुढे उपयोग झाला. गाण्याची दीक्षा मात्र कचेरीजवळच्या एका चर्चमध्ये मिळाली. तिथे ऑर्गन वाजवणारे एक गोवेकर गृहस्थ रविवारच्या गायकवृंदाची तालीम घेत. मी दाराशी उभा राहून ऐकत असे. एक दिवस त्यांनी आत बोलावले आणि खालच्या आवाजांत उभे केले. बायका एक सुरावट गात होत्या, आम्ही पुरुष दुसरीच, आणि तरी ते एकच गाणे होते. आपल्याकडे शंभर माणसे गायली तरी सगळी एकच चाल म्हणतात. इथे एका गाण्यात दोन मजले होते आणि वरच्या मजल्यावर कोणी चालले की खालच्याला ते ऐकू येत होते. असे काहीतरी मराठीत करावे, असे तेव्हा डोक्यात बसले.

यात एक अडचण असते आणि ती बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. एकट्याने गाणाऱ्याला आपली चाल न्हाणीघरातही ऐकता येते. दोन आवाजांसाठी रचणाऱ्याला ती सोय नाही. मी एका वेळी एकच सुरावट गुणगुणू शकतो. दोन्ही मिळून काय होते ते ऐकायचे तर दोन गट हवेत, ते एका वेळी एका जागी हवेत आणि शेवटपर्यंत आपापल्या जागी टिकायला हवेत. यातली पहिली गोष्ट जमते. माझे पहिले दोन आवाजांचे गाणे मी रचले, शिकवले, स्पर्धेला नेले. ते पूर्ण ऐकायला मिळावे एवढीच माझी अपेक्षा होती. ती कशी पार पडली, ते इथे देत आहे.

महाराष्ट्र राज्य नवे होते आणि समूहगानाची लाट होती. समाजशिक्षणाच्या कामात गायन-संघटकाची एक जागा निघाली. मी वृत्तपत्र सोडून ती घेतली आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावरची गावे माझ्या वाट्याला आली. आज त्या पट्ट्याला नवी मुंबई म्हणतात. त्या वेळी तिथे भातशेती, मिठागरे आणि खाडी होती आणि नुकतेच एक-दोन कारखाने भोंगा वाजवू लागले होते. माझा मुक्काम तळवलीच्या शाळेत असे.

तळवलीचे पुरुष गायला तयार झाले ते हाशा पाटलांमुळे. पाटील म्हणजे धिप्पाड गृहस्थ, घरची भातशेती, मिठागरात भाग आणि गावात शब्दाला वजन. त्यांना गाण्याची आवड होती असे म्हणता येणार नाही, पण गावाचे नाव ठाण्याच्या स्पर्धेत पुकारले जाणार हे त्यांना पटले होते. पहिल्या तालमीला त्यांच्या मातोश्री येऊन बसल्या. अर्धा तास बघून त्यांनी मुलाला विचारले, “मास्तर गात नाय, वाजवत नाय. मंग करतो काय?”

“हात हालवतो,” पाटील म्हणाले.

म्हातारीने मला पुन्हा नीट पाहिले. “भातावरची पाखरां उरवाला बरा हाय,” ती म्हणाली आणि घरी गेली. माझ्या कामाचे इतके थोडक्यात परीक्षण पुढे कोणी केले नाही.

पुरुषांचे आवाज भक्कम होते. अडचण एकच होती आणि तिचे नाव काशिनाथ. काशिनाथ गाण्यातला प्रत्येक शब्द एकाच स्वरात म्हणत असे. स्वर पक्का होता, शंखासारखा भरीव होता, सकाळ-संध्याकाळ बदलत नसे. पण तो एकच होता. दुसऱ्या गावात अशा माणसाला मी पडदा ओढायचे काम दिले असते. पण काशिनाथ हाशा पाटलांचा जावई होता. जावयाला गाण्यातून काढणे म्हणजे पंगतीतून उठवणे. शेवटी मी उलटा विचार केला. माणूस बदलत नसेल तर गाणे बदलावे. खालची सुरावट मी काशिनाथच्या त्या स्वराभोवती बांधली. बाकीचे त्याच्या आजूबाजूला तीन-चार स्वर हिंडून परत त्याच्यापाशी येत. समूहगान रचणाऱ्याला हे करावे लागते. शिंप्यासारखेच आहे. गिऱ्हाइकाचे पोट आत जात नसेल तर सदरा सैल करावा लागतो.

गाणे भरतीवर होते. मिठागरात भरतीचे पाणी घ्यायचे तर बांधातले दार उघडावे लागते. वरच्या आवाजाला चाल आणि शब्द होते: ‘आली भरती, उघडा दारे, खाडी आली अंगणी.’ खालच्या आवाजाला त्या ओळीच्या मधल्या जागांत एकच शब्द होता: ‘आली’. वरचा आवाज थांबला की ‘आली’. पुन्हा वरची ओळ, पुन्हा ‘आली’. शेवटच्या कडव्यात दोन्ही आवाज एकदम वाहत. कागदावर ते फार चांगले दिसत होते.

वरच्या आवाजासाठी बायका हव्या होत्या. तळवलीच्या बायका पुरुषांसमोर उभ्या राहून गायला तयार नव्हत्या. म्हणून मी खाडीवरच्या कोळीवाड्यात गेलो. तिथे चांगुणाबाय होती. ती मासळी विकायची आणि लग्नात धवले गायची. धवले गाणारीला धवलारीण म्हणतात. तिच्या गाण्याशिवाय हळद लागत नाही आणि तिने गाणे थांबवले तर भटजीही थांबतो. बाजारात ओरडून तिचा आणि तिच्या बायकांचा दम असा तयार झाला होता की मला श्वासाचे शिक्षण द्यावेच लागले नाही. मोठ्या गटात सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचा नसतो. शेजारणीने घेतला की आपण धरून ठेवायचा, म्हणजे आवाज तुटत नाही. मी हे समजावू लागलो तेव्हा चांगुणाबाय म्हणाली, “आमी दोगी भांडतो तवा आसाच करतो.” तिचा दीर धर्मा नाखवा याची मोठी होडी होती. तालमीला आणि स्पर्धेला बायकांना नेण्या-आणण्याचे त्याने कबूल केले.

दोन्ही गट आपापल्या गावी तयार झाले. मग तळवलीच्या शाळेत पहिली एकत्र तालीम ठेवली. मी हात वर केला. दुसऱ्या ओळीला सगळे पुरुष बायकांची चाल गात होते. काशिनाथ तेवढा आपल्या जागी होता. मी थांबवले, पुन्हा सुरू केले. या वेळी पाटलांनी आवाज चढवला आणि निम्म्या बायका ‘आली, आली’ करत खाली उतरल्या. ज्याचा आवाज मोठा, त्याच्या चालीवर सगळे. कारण सरळ होते. एकत्र गाताना वेगळे गाणारा चुकतो, असे त्यांना जन्मापासून माहीत होते. मी वेगळे गायला सांगत होतो म्हणजे मी त्यांना चुकायला सांगत होतो.

त्या आठवड्यात तळवलीत एक लग्न होते. मांडवात एका बाजूला मुलीकडच्या बायका, समोर मुलाकडच्या. दोन्हीकडून एकाच वेळी गाणी चालली होती, समोरच्या विहिणींना चिमटे काढणारी. चाली वेगळ्या, शब्द वेगळे, आणि कोणी कोणाच्या चालीवर जात नव्हते. जी बाजू आपले गाणे सोडील तिची पुढच्या लगीनसराईपर्यंत टिंगल होणार होती. मला हवे होते ते इथे फुकट चालले होते.

पुढच्या तालमीला मी सांगितले, “हे लग्नच समजा. एक वधूपक्ष, एक वरपक्ष. दोघांची गाणी वेगळी. दुसऱ्याचं गाणं म्हणायचं नाही, आपलं सोडायचं नाही.”

सर्वांचे चेहरे एकदम उजळले. हे आधी का सांगितले नाही, असे मला विचारण्यात आले. मग कोण कोणता पक्ष, यावर तासभर चर्चा झाली, कारण वधूपक्ष व्हायला कोणी तयार नव्हते. शेवटी धर्मा नाखव्याने निकाल लावला. जे बाहेरगावाहून येतात ते वऱ्हाड. कोळीवाडा होडीने तळवलीला येतो, तेव्हा कोळीवाडा वरपक्ष. पाटलांना हे खोडता आले नाही. अशा रीतीने वधूपक्षात सगळे मिशीवाले आणि वरपक्षात सगळ्या नऊवारी नेसलेल्या बायका, अशी वाटणी झाली. मग आम्ही गायलो. पहिले कडवे कोणीही जागा न सोडता पार पडले. दुसरे सुरू होणार तेवढ्यात ओहोटीची वेळ झाली म्हणून नाखव्याने बायकांना उठवले. एक कडवे मी ऐकले. त्यांना होडीपर्यंत पोहोचवून परतताना मी बऱ्यापैकी वेगाने चालत होतो.

माझ्या लक्षात आले नव्हते ते असे की लग्न म्हटले की फक्त गाणी येत नाहीत. पुढच्या तालमीला वरपक्ष होडीतून उतरला आणि तिथेच उभा राहिला. कारण विचारले. चांगुणाबायने सांगितले की सामोरे कोणी आले नाही. पाटील चार माणसांसह सामोरे गेले. मग चहा झाला. तो पहिल्यांदा मला दिला, मग काशिनाथला आणि तिसरा धर्मा नाखव्याला. नाखवा कप खाली ठेवून होडीत जाऊन बसला. वरपक्षाच्या कर्त्या माणसाला तिसरा चहा मिळाला होता. त्याला समजावायला आधी काशिनाथ गेला, मग पाटील गेले, मग मी गेलो. मी गेल्यावर तो म्हणाला, “मास्तर, तुमचेवर राग नाय. पन मी रुसलू नाय तर माजे मानसांना काय वाटंल?” त्याचा रुसवा निघेपर्यंत पाणी उतरू लागले आणि वऱ्हाड परत गेले. त्या दिवशी एकही सूर लागला नाही, पण दोन्ही पक्ष समाधानाने घरी गेले.

त्यानंतरच्या तालमीला मानपान नीट झाला. गाणेही सुरू झाले. मात्र पहिल्या कडव्यानंतर चांगुणाबायने माझ्या शब्दांत स्वतःची भर घातली:

वधूकडचे मामा बसले, मिशीला लावून तूप,
गाया सांगा, येतंय काय? तोंड करून चूप.

चाल माझीच होती, मात्राही बसत होत्या. तुपाच्या उल्लेखाने पाटील उभे राहिले. उरलेल्या तालमीत वधूपक्षाचे उत्तर तयार करण्याचे काम झाले आणि ते छापण्यासारखे नाही. मी चांगुणाबायला बाजूला घेऊन सांगितले की स्पर्धेत दिलेलेच शब्द म्हणावे लागतात. ती म्हणाली, “म्हनीन ना. ठान्यात कोन मामा हायेत? तितं तुमचाच म्हनीन.”

स्पर्धेचा दिवस आला तोवर अशीच स्थिती होती. दोन्ही गटांना आपापली बाजू झोपेतून उठवले तरी म्हणता येत होती. एकमेकांच्या चालीवर जाण्याचा धोका कायमचा संपला होता. आणि पूर्ण गाणे सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदाही झाले नव्हते. ते पहिल्यांदा होणार होते ठाण्याला, एका शाळेच्या सभागृहात, परीक्षकांसमोर. मला काळजी होती. पण आतून एवढेच वाटत होते की काही झाले तरी आज ते ऐकायला मिळेल.

तळवलीकर खडीच्या ट्रकमधून निघाले. मी त्यांच्याबरोबर होतो. कोळीवाडा खाडीतून होडीने ठाण्याच्या बंदराला लागणार होता. भरतीचे गणित धर्मा नाखव्याला मी शिकवण्याचे कारण नव्हते. तो त्या पाण्यात जन्मला होता. सकाळी वेळेत निघतो, असे त्याने आदल्या दिवशी सांगितलेही होते.

आम्ही पोहोचलो, आमचा क्रमांक दुपारच्या सुरुवातीला होता, आणि बंदरावर होडी नव्हती. मी बंदर ते शाळा अशा फेऱ्या घालू लागलो. पाटील सभागृहाच्या पायरीवर शांतपणे बसले होते. मी त्यांना विचारले, यांना उशीर का झाला असेल. पाटलांना प्रश्नाचेच नवल वाटले.

“मास्तर, वरपक्ष हाय तो. टायमावर कसा येल?”

मी म्हटले, ही स्पर्धा आहे.

“ती आपले साठी. त्यांचे साठी वरात हाय. टायमावर आले तर लोक हासतील, पोराला घाई झाली म्हनून.”

पुढे कळले की पाटलांचा अंदाज बरोबर होता. होडी सकाळी तयार होती. पण तळवलीकर ट्रकमध्ये ढोल घेऊन गेले अशी बातमी कोळीवाड्यात पोहोचली. ढोल काशिनाथचा होता आणि तो फक्त वाटेत वाजवायला घेतला होता. वधूपक्षाकडे ढोल आणि वऱ्हाड बिनवाजंत्र्याचे, हे चांगुणाबायला मान्य होईना. म्हणून शेजारच्या गावचे बँडवाले बोलावण्यात आले. बँडवाले आले, सनईऐवजी क्लॅरिनेट आहे यावरून बोलणे झाले, आणि होडी निघाली तेव्हा पाणी उतरू लागले होते. ठाण्याच्या अलीकडे खाडी अरुंद होते तिथे होडी चिखलात बसली. धर्मा नाखव्यासारख्या माणसाची होडी ओहोटीत अडकावी, याचे त्याच्या धंद्यातल्या लोकांना पुढे कितीतरी दिवस हसू येत असे. तो एवढेच म्हणे की त्या दिवशी तो नाखवा नव्हता, वरबाप होता.

हे मला त्या वेळी माहीत नव्हते. आमचे नाव पुकारले गेले. मी पाटलांना पडद्यामागे घेतले आणि सांगितले की आता एकच उपाय आहे. वरची चाल तुम्ही सगळ्यांनी इतक्या वेळा ऐकली आहे. तीच म्हणा, सगळ्यांनी मिळून, एका आवाजात. निदान गाणे होईल.

पाटलांनी माझ्याकडे दुःखाने पाहिले. “वऱ्हाडाचा गानं आमी कनाला म्हनू? तुमीच सांगलाव ना, दुसऱ्याचा म्हनाचा नाय? उद्या गावान तोंड दाखवाचा हाय.”

बाकीच्यांनी माना डोलावल्या. काशिनाथला विचारण्यात अर्थ नव्हता. त्याला दुसरा स्वर येत नव्हता.

पडदा वर गेला. मी श्रोत्यांकडे पाठ केली आणि हात वर नेला. वरच्या आवाजाची पहिली ओळ यायची जागा आली. सभागृहात शांतता. मी त्या ओळीचे ठोके हाताने दिले, कारण नाहीतर पुरुषांना आपली जागा कळली नसती. ओळ संपायच्या ठिकाणी मी त्यांना खूण केली आणि सगळे एकदम भरघोस आवाजात म्हणाले:

“आली!”

पुन्हा शांतता. मी रिकाम्या जागेला ठोके देत होतो.

“आली!”

माझ्या पाठीमागे खुर्च्या करकरल्या. मला नंतर सांगण्यात आले की दुसऱ्या ‘आली’ला पहिल्या दोन रांगांनी दरवाजाकडे मान वळवली आणि तिसऱ्याला सगळ्या सभागृहाने. एक स्वयंसेवक दार उघडून बाहेर बघून आला. गाण्यातल्या विरामांचे शिक्षण मी तळवलीकरांना फार काळजीपूर्वक दिले होते. जेवढी जागा सोडायची तेवढीच त्यांनी सोडली. एकानेही घाई केली नाही. शेवटच्या कडव्यात त्यांची सलग सुरावट आली आणि तिच्या मध्यभागी काशिनाथचा स्वर खांबासारखा उभा राहिला. वर काहीच नव्हते. छप्पर नसलेले घर कसे दिसते, ते मी त्या दिवशी ऐकले.

गाणे संपल्यावर परीक्षकांपैकी एक वृद्ध संगीतशिक्षक उठले आणि त्यांनी आणखी कोणी यायचे आहे का, असे विचारले.

“वरपक्ष हाय,” पाटील म्हणाले. “येतान.”

निकालात आम्हांला उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले, पितळेचा एक पेला. शेऱ्यात म्हटले होते की शांततेचा वापर धाडसी आहे, मात्र चाल सापडत नाही. वृत्तपत्रात असताना मी असा शेरा कापला नसता. तो वस्तुस्थितीला धरून होता.

परतीच्या ट्रकमध्ये ढोल वाजत होता. मी पुढे चालकाशेजारी बसलो होतो. ज्या एका गोष्टीसाठी एवढा खटाटोप केला ती झाली नव्हती. भातलावणी तोंडावर होती. लावणीनंतर पुरुष मिळणार नव्हते, आणि पावसाळ्यानंतर होड्या बाहेर पडल्या की बायका मिळणार नव्हत्या. मी मनात गाणे मोडीत काढले. वृत्तविभागात याला ‘जागेअभावी’ म्हणत.

तळवलीच्या अलीकडे खाडीच्या बांधाशी आलो तेव्हा ऊन उतरले होते. नव्या भरतीबरोबर होडी सुटून परत फिरली होती आणि बांधापासून थोड्या अंतरावर पाण्यात उभी होती. बायका, बँडवाले, धर्मा नाखवा, सगळे जागच्या जागी. पाटलांनी ट्रक थांबवला आणि पेला हातात घेऊन बांधावर उतरले. मागोमाग सगळा वधूपक्ष उतरला.

“लगीन लागला!” पाटलांनी ओरडून सांगितले. “आहेर बी मिलाला!” आणि पेला उंच धरला.

 होडीत चांगुणाबाय उभी राहिली. तिच्या नव्या लुगड्याचा काठ चिखलाने भरला होता. तिने विचारले की नवरा मुलगा नसताना लग्न लावणारे हे कोण. पाटलांनी सांगितले की पळून गेलेल्या वऱ्हाडाची वाट कोण बघतो. पळून कोण गेले यावर थोडा वेळ दोन्हीकडून बोलणे झाले. धर्मा नाखव्याने उतरायला नकार दिला होता, कारण त्याला कोणी या म्हटले नव्हते. पाटील या म्हणायला तयार नव्हते, कारण त्यांच्या दृष्टीने कार्य उरकले होते.

“आमी आमचा म्हनलाव,” चांगुणाबाय म्हणाली. “कारखान्याचा भोंगा झाला, तवा सगल्यांना उभा केला. म्हनला, तितं चालू झाला आसंल, आपला आपुन म्हनू. चिखलान होरी, बगले ऐकाला. पन अख्खा म्हनला. तुमचे जागा सोरून म्हनला.”

मी बांधावर खाली बसलो. दुपारच्या भोंग्यालाच ठाण्यात आमची पाळी आली होती. म्हणजे थोड्याफार फरकाने गाणे पूर्ण झाले होते. अर्धे सभागृहात आणि अर्धे खाडीत.

“म्हनलीस त कोनी ऐकला?” पाटील म्हणाले. “बगल्यांनी? आमी परीक्षकापुढं म्हनलाव. आमी जिंकलाव.”

“एकल्यान म्हनून कोन जिंकतो रं? समोर कोनी नाय, आन म्हनं जिंकलाव. आता म्हन. आता समोर हाय मी.”

पाटलांनी पेला काशिनाथच्या उपरण्यात गुंडाळून ट्रकच्या पायरीवर ठेवला आणि बाह्या सारल्या. मला कोणी काही विचारले नाही. दोन्ही बाजू उभ्या राहिल्या, मधे भरतीचे पाणी. क्लॅरिनेटवाल्याने सूर देण्यासाठी वाद्य तोंडाला लावले तेव्हा चांगुणाबायने त्याच्या कर्ण्यावर तळहात ठेवला. मग तिने माझ्याकडे बघून हनुवटी वर केली. मी उठलो आणि हात वर नेला. पहिल्यांदाच माझी पाठ कोणाकडेही नव्हती, कारण श्रोते नव्हते.

होडीतून ओळ आली. ती संपली त्या ठिकाणी बांधावरून ‘आली’ आले. होडीतून पुढची ओळ, बांधावरून ‘आली’. या वेळी कोणी दरवाजाकडे पाहिले नाही. दोन्हीकडे माणसे एवढ्या चिडीने गात होती की त्यांना हलवणे शक्य नव्हते. पाटलांच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. बायका एकीचा दम दुसरीला देत होत्या आणि आवाज कुठे तुटत नव्हता. शेवटच्या कडव्यात दोन्ही सुरावटी एकदम निघाल्या आणि पाण्यावर येऊन एकमेकींना भेटल्या. खाली काशिनाथचा स्वर होता. त्याच्यावर सगळे उभे होते. कोणी कोणासाठी जागा सोडत नव्हते, म्हणूनच प्रत्येकाला आपली जागा मिळाली होती. कागदावर दिसले होते त्यापेक्षा ते बरे होते. मी हात खाली घेतले तेव्हा माझ्या लक्षात आले की ते बराच वेळ वरच राहिले होते.

सगळे धापा टाकत होते. मग बांधावरचे आणि होडीतले, सगळे एकाच वेळी माझ्याकडे वळले.

“बोला मास्तर,” पाटील म्हणाले. “कोन जिंकला?”

“खरा सांगा,” होडीतून चांगुणाबाय म्हणाली. “त्यांचा चाय पिता म्हनून लबारी नको.”

ते वाट बघत होते. धर्मा नाखवाही उभा राहिला होता.

मी सांगितले की पाण्यामुळे नीट ऐकू आले नाही. पुन्हा म्हणा.